जुन्या शैलीत नवा ब्रँड, तुम्ही विचारलंत म्हणून

ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो. वार्षिक प्रदर्शनात मुलांची कामं बघताना पालक विचारतात, नुकती दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं विचारतात, नोकरी द्यायला आलेले स्टुडिओवालेही विचारतात. "एखादी जुनी शैली निवडा आणि तिच्या आधाराने आजच्या एका व्यवसायाचं ब्रँडिंग करा, असा प्रोजेक्ट तुम्ही का देता? ही नक्कलच नाही का? आणि असं काम पोर्टफोलिओत ठेवायचं की नाही?"

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नक्कल आहेच. सुरुवातीला ती पुरेपूर असावी, असा माझा आग्रहसुद्धा असतो. अडचण एवढीच की मुलं बहुतेकदा नको त्या गोष्टीची नक्कल करून आणतात. आर्ट नूव्हो, म्हणजे 1900 च्या आसपासची युरोपीय शैली, म्हटलं की वेलबुट्टी. बाउहाउस या जर्मन कलाशाळेची शैली म्हटलं की लाल-पिवळा-निळा आणि वर्तुळ-चौकोन-त्रिकोण. आर्ट डेको म्हटलं की सोनेरी रेघांचे पंखे. स्विस शैली म्हटलं की हेल्व्हेटिका हा फॉन्ट आणि भरपूर मोकळी जागा. एवढं तर इंटरनेटवर थोडा वेळ शोधलं तरी हाती लागतं. वरून जुनाट पिवळ्या कागदाचं टेक्स्चर टाकलं की काम झालं, असं वाटतं. त्या टेक्स्चरचा मला मनापासून राग आहे. ती पोस्टरं भिंतीवर लागली त्या दिवशी कोरी करकरीत होती, रंग ताजे आणि भडक होते. पिवळेपणा नंतर काळाने आणला. तो करणाऱ्याच्या मनातही नव्हता.

मग नक्कल कशाची करायची? काम कसं घडलं त्याची. एकोणिसाव्या शतकातली लाकडी टायपातली, म्हणजे लाकडी अक्षरठशांनी छापलेली, पोस्टरं घ्या. 1827 साली अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी लाकडात अक्षरं कोरण्यासाठी राउटर यंत्र आणलं आणि मोठमोठे ठसे स्वस्तात मिळू लागले. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, तेवढ्या मापाचे ओतायचे तर ते जड आणि महाग पडत. या पोस्टरांत दर ओळीला वेगळा टाइप दिसतो. एक ओळ जाडजूड, पुढची चिंचोळी, तिच्याखालची सावली पाडलेली. विद्यार्थ्याला वाटतं, ही हौसेची सजावट. पण जुळाऱ्यापुढे, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या कामगारापुढे, लोखंडी चौकट असे आणि प्रत्येक ओळ तिच्यात घट्ट आवळून बसवावी लागे. मोकळ्या जागेत लाकडी पट्ट्या सारता येत, पण जाहिरात देणाऱ्याला कागदाची पूर्ण रुंदी वसूल करायची असे. त्यामुळे शब्द छोटा असला की रुंद टाइप, लांब असला की चिंचोळा. अक्षर ताणायची सोयच नव्हती. इंग्रजीतले 'द', 'अँड', 'ऑफ' असे बारके शब्द तर अख्खेच्या अख्खे एका ठशावर कोरलेले मिळत, म्हणजे उरलेल्या फटीत ते चपखल बसत.

ही शैली निवडणाऱ्याला मी एकच नियम घालते. ठरावीक मापांचे ठरावीक टाइप घ्यायचे आणि अक्षराचं माप बदलायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोपरा धरून ओढायला बंदी. सुरुवात चिडचिडीत जाते. मग हळूहळू मुलं मजकुरालाच हात घालायला लागतात. ओळ बसत नाही म्हणून शब्द बदलतात, दोन शब्दांचा एक करतात, आणि कुठला शब्द मोठा व्हायच्या लायकीचा आहे यावर वर्गात खरीखुरी भांडणं होतात. मला हवी असतात ती हीच भांडणं. व्यवसायाने कोणती गोष्ट सगळ्यात आधी सांगायची, हे ठरवल्याशिवाय ब्रँडिंग पुढे सरकत नाही, आणि इथे ते ठरवल्यावाचून सुटकाच नसते.

बाउहाउसचंही तेच. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहितात. अशा भाषेत या शाळेने 1925 च्या सुमारास कॅपिटल अक्षरं सोडून दिली, आणि आम्ही सगळं लहान अक्षरांत लिहितो कारण त्यात वेळ वाचतो, असं चक्क लेटरहेडवर छापलं. त्या वाचकांच्या डोळ्यांना हे टोचणारं होतं, आणि ते पूर्ण विचारांती केलं होतं. आज निम्मे लोगो लहान अक्षरांत असतात. विद्यार्थी कॅपिटल गाळून "मॅडम, बाउहाउस" म्हणतो तेव्हा मी विचारते, तुझ्या वाचकाच्या कुठल्या सवयीला तू धक्का देतोयस आणि त्यात त्याचा काय फायदा? उत्तर असलं तर पुढे जाऊ.

हर्बर्ट बायर यांचं उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण ते विद्यार्थ्याच्या कामाचंच आहे. 1923 साली बायर बाउहाउसमध्ये शिकत होते. जर्मनीत चलनवाढीने कहर केला होता आणि थुरिंगियाच्या सरकारी बँकेने त्यांच्याकडून तातडीच्या नोटा करून घेतल्या. आकडे दहा लाख मार्क आणि त्याहून वरचे. नोट म्हटली की डोळ्यांपुढे चेहरे, वेलबुट्टी, वळणदार अक्षरं येतात. बायर यांनी ते सगळं बाजूला ठेवून ठळक साधी अक्षरं आणि सरळ आयत वापरले. रोज किंमत बदलणाऱ्या पैशावर आधी आकडा दिसायला हवा. आपण ज्याला बाउहाउसची शैली म्हणतो तिचा बराच भाग असल्या निकडीतून आला आहे.

आता ब्रँडिंगकडे येते, कारण प्रोजेक्टचा खरा कस तिथेच लागतो. पोस्टर एकदा लागतं आणि उतरतं. ब्रँड वर्षानुवर्षं चालतो, आणि तो चालवणारे हात वेगवेगळे असतात. डिझायनर पेटर बेहरेन्स यांना 1907 मध्ये एईजी या जर्मन वीज कंपनीने कलासल्लागार म्हणून घेतलं. त्यांनी कंपनीचं बोधचिन्ह केलं, अक्षरं केली, माहितीपत्रकं केली, दिवे आणि पंखे केले, बर्लिनचा टर्बाइन कारखाना उभारला. विजेवरच्या किटल्या तर अशा आखल्या की मोजक्याच सुट्या भागांच्या अदलाबदलीतून अनेक प्रकार तयार व्हावेत. विद्यार्थी इथे बोधचिन्हाचा षटकोन उतरवून घेतात. मी त्यांना किटल्यांपुढे बसवते. लोगो, फॉन्ट आणि रंग यांच्याकडे सुटे भाग म्हणून बघायचं, आणि उद्या नवी वस्तू आली तर याच भागांतून ती कशी जुळेल ते आज ठरवायचं, हे त्या किटल्या जितकं स्वच्छ दाखवतात तितकं दुसरं काही दाखवत नाही.

अलीकडच्या कामांपैकी मला सर्वांत आवडलेलं काम सायकल दुरुस्तीच्या एका काल्पनिक सेवेचं होतं. करणारी मुलगी शांत स्वभावाची, आणि तिने निवडला रशियन कन्स्ट्रक्टिव्हिझम, म्हणजे क्रांतीच्या काळातली रशियातली भौमितिक आकारांची शैली. त्या शैलीतले कलाकार रॉडचेंको, लिसिट्स्की, स्टेनबर्ग बंधू यांची पोस्टरं तिने आधी इंचाइंचाने उतरवून काढली. मग स्वतःची केली. तिरप्या ओळी, कापून चिकटवलेलं चाक, लाल पाचर, उद्गारचिन्हं. पोस्टर म्हणून देखणी होती. मी विचारलं, हे कोणावर ओरडतंय? 1919 साली लिसिट्स्की यांच्या चित्रात लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते तेव्हा बाहेर यादवी युद्ध पेटलेलं होतं. इथे समोर पंक्चर झालेली सायकल ढकलत आलेला माणूस आहे.

तिने पोस्टरं गुंडाळून ठेवली आणि जॉबकार्ड करायला घेतलं. सायकल आत आली की हँडलला अडकवायचं कार्ड, त्याचा खालचा अर्धा भाग फाडून मालकाकडे द्यायचा. तिरपी मांडणी तिथे लगेच गळाली, कारण ग्रीसच्या हाताने पेन धरलेल्या माणसाला तिरप्या ओळीत लिहिता येत नाही. कापाकापीचे फोटोही गेले. जे उरलं ते फार मोलाचं होतं. दोनच शाया, लाल आणि काळी. जाड आडव्या पट्ट्या, ज्या खिळ्यांच्या छापखान्यात रकाने पाडायला हाताशी असतातच. आणि मजकुराचा क्रम केवळ आकारमानाने दाखवायची शिस्त. तिच्या कार्डावर सायकलीचा क्रमांक इतका मोठा होता की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावा. ब्रेक, चेन, गिअर, चाक यांच्यासमोर जाड काळ्या चौकटी होत्या. लाल चौकट फक्त एक. तिच्यात लिहिलं होतं, 'आधी विचारा'. खर्च ठरल्यापेक्षा वर जाणार असेल तर मालकाला फोन केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. मग तिने लाल रंग सगळीकडे त्याच अर्थाने राखून ठेवला. वेबसाइटवर, ॲपच्या सूचनांत, दारावरच्या पाटीवर, जिथे ग्राहकाचा होकार हवा तिथेच लाल. लोगो सगळ्यात शेवटी झाला आणि अगदी साधा झाला. त्या कार्डात रशिया पटकन कोणाला दिसला नसता, पण खिळ्यांची पोस्टरं पाहिलेल्या माणसाला ते कुठून आलं हे सांगावं लागलं नसतं.

शैलीबरोबर तिचा इतिहासही येतो, हेही बघावं लागतं. फ्राक्टूर या गॉथिक वळणाच्या अक्षरांवरून वर्गात नेहमी वाद होतो. बऱ्याच लोकांच्या मनात ही अक्षरं नाझींशी जोडलेली आहेत. प्रत्यक्षात ती शतकानुशतकं जर्मन छपाईत होती, आणि आधी त्यांचा गौरव करणाऱ्या नाझी राजवटीनेच जानेवारी 1941 मध्ये ती बंद करायचा हुकूम काढला. इतिहास एक सांगतो आणि बघणाऱ्याची आठवण दुसरं. निबंध लिहायचा असेल तर इतिहास धरा. ब्रँड करायचा असेल तर आठवणीचाही विचार करा, कारण पाकिटावर तळटीप छापता येत नाही.

आता नक्कल या शब्दाचा सल काढते. 1966 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत रॉक मैफलींची पोस्टरं निघाली, ती वितळल्यासारखी अक्षरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांपैकी वेस विल्सन यांनी आपलं वळण उचललं ते व्हिएन्नाच्या सेसेशन या कलाकारांच्या चळवळीतल्या आल्फ्रेड रोलर यांच्या अक्षरांवरून, म्हणजे साठेक वर्षं जुन्या कामावरून. उघडउघड उचललं. पण रोलर यांची अक्षरं चौकटीत शिस्तीत दाटीने उभी आहेत, विल्सन यांनी ती फुगवली, वाकवली, ज्वाळांसारखी हलती केली, आणि वाचायला वेळ लागणं हाच पोस्टराचा गुण बनवला. जो थांबेल त्याच्यासाठी मैफल. त्यांचेच समकालीन व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ अल्बर्स यांच्याकडे शिकलेले होते. रंग एकमेकांशेजारी ठेवल्यावर डोळ्यांना काय होतं, हे तिथे त्यांनी नीट शिकून घेतलं, आणि डोळ्यांना त्रास देऊ नये हा संकेत मोडून दोन तीव्र रंग मुद्दाम भिडवले. दोघांनाही मूळ गोष्ट आतून माहीत होती, म्हणून ती कुठे मोडायची ते कळलं. आधी मनापासून नक्कल करा असं मी म्हणते ते यासाठी.

राहिला पोर्टफोलिओ. ठेवा, जरूर ठेवा. मात्र अभ्यासासाठी केलेली प्रतिकृती वेगळ्या पानावर असू द्या आणि मूळ कोणाचं हे नावासकट लिहा. न लिहिलेलं मूळ समोरच्याने ओळखलं तर पुढची सगळी पानं संशयाने बघितली जातात. विसाव्या शतकातली पुष्कळ कामं अजून कॉपीराइटमध्ये आहेत, तेव्हा मूळ चित्र उचलून लोगोत टाकायचं नाही. फॉन्टचा परवाना तपासा. आणि कृपा करून तीच ती मॉकअपं, म्हणजे वस्तूंवर लोगो लावून दाखवणारी चित्रं, थांबवा. कापडी पिशवी, कप आणि हवेत तरंगणारी व्हिजिटिंग कार्डं यांच्यावर कुठलाही लोगो बरा दिसतो. त्याऐवजी पावती दाखवा, 'पान सापडलं नाही' असा संदेश दाखवा, ब्राउझरच्या टॅबवरचं 16 पिक्सेलचं चिन्ह दाखवा. उत्पादनाचं नाव लांबलचक असेल तर लेबलावर ते कसं बसतं ते दाखवा. कामं बघायला बसले की मी आधी ही पानं शोधते, आणि नोकरी देणारेही इथेच रेंगाळताना मी पाहिले आहेत.

"मग मॅडम, कुठली शैली घेऊ?" हा प्रश्न ओघाने येतोच. आवडीची घ्या असं मी सांगत नाही. तुमच्या व्यवसायाची अडचण काय आहे ते लिहा आणि तशाच अडचणीशी आधी कोण झुंजलं होतं ते शोधा. एकच माहिती तीन भाषांत शेजारी शेजारी द्यायची असेल तर स्वित्झर्लंडच्या 1950 च्या दशकातल्या ग्रिडपासून, म्हणजे पानाच्या मांडणीसाठी आखलेल्या रकान्यांच्या चौकटीपासून, सुरुवात करा. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन एका पानावर नांदवायची गरज तिथे रोजची होती. एकाच नावाखाली शंभर वस्तू असतील तर बेहरेन्स. आणि वस्तू अगदी छोटी असेल, बघणारा चालता चालता क्षणभरच बघणार असेल, तर लुत्सियान बर्नहार्ट यांचं 1905-06 च्या सुमाराचं प्रीस्टर काडेपेटीचं पोस्टर समोर ठेवा. त्यांनी आधी टेबल, सिगार, राखपात्र असं बरंच रंगवलं होतं आणि मग एकेक गोष्ट पुसत गेले, असं त्याबद्दल सांगतात. शेवटी पोस्टरावर दोन काड्या आणि कंपनीचं नाव राहिलं. तुमच्या मांडणीतून तसंच पुसायला लागा आणि नाव ओळखू येईनासं झालं की एक पायरी मागे या.