भाड्याच्या घरासाठी पोर्टेबल एसी

जळगावचा मे म्हणजे पारा 44-45 ला टेकलेला, त्यात आमचं घर वरच्या मजल्यावर. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, आईला झोप लागत नाही. घरमालक काका म्हणाले, "भाऊ, भिंतीला भोक नको." स्प्लिट बाद. खिडकीला बाहेरून लोखंडी गज, म्हणून विंडो एसीही बाद.

आज दुकानात पोर्टेबल एसी चालू करून घेतला. समोर मस्त गार झुळूक. पण मी मागे जाऊन गरम हवा खिडकीबाहेर सोडणाऱ्या पाइपला हात लावला, चांगलाच तापला होता! हा पाइप खोलीतच राहतो, म्हणजे थोडी उष्णता आतच परत येणार. शिवाय एका पाइपचं यंत्र खोलीतली हवा बाहेर फेकतं, आणि तेवढीच हवा दाराच्या फटींतून आत शिरते. आपल्याकडे ती हवा म्हणजे दुपारच्या झळा! दोन पाइपांचं यंत्र कंडेन्सरसाठी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागासाठी) हवा बाहेरूनच घेतं. मिळालं तर तेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्रेसर आतच असल्याने आवाजही कानाने ऐकूनच ठरवा. सॉकेट 16 अँपिअरचा हवा.

खरं तर कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, विजेचं बिलही कमी. पण मृगाचा पाऊस पडला की हवा दमट होते आणि कूलर नुसता चिकचिकाट करतो.

आमच्या गजांच्या आत सरकती खिडकी आहे, तिच्या फटीत पाइपची पट्टी बसते. आईच्या खोलीपुरता 1 टनाचा घ्यायचं ठरलंय. जळगाव-भुसावळकडे कुणी दोन पाइपांचा वापरत असेल तर नक्की सांगा.