तुम्ही विचारलंत म्हणून : पहिलंच विमान नाकावर का येतं?

"नवीन ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घेतलं, फेकलं, अन् दहा सेकंदांत नाकावर आलं. असं काहून होते?" नागपुरात मॉडेल विमानांच्या नादी लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. एका शब्दात उत्तर द्यायचं तर, ओढण्यामुळे.

हातातून सुटलेलं विमान क्षणभर खाली बसतं. वेग आला की ते आपोआप चढणार असतं, पण तेवढा धीर धरवत नाही. रिमोटची उजवी स्टिक पोटाकडे ओढली जाते. नाक वर जातं, वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि एक पंख लटकतो. यालाच स्टॉल म्हणतात. मग अजून ओढलं, वर उलट बाजूला एलेरॉनही (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी पाती) दिलं, की गिरकी ठरलेली. उतारा अगदी उलटा आहे : स्टिक सैल सोडायची, नाक खाली जाऊ द्यायचं, वेग धरला की हलकेच उचलायचं. याला उंची लागते. म्हणून पहिली कसरत तीस-चाळीस मीटरवर, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढ्या उंचीवर करायची. जमिनीलगत "सुरक्षित" वाटतं, तिथेच सगळी विमानं मोडतात.

ट्रेनरचा पंख धडाच्या वर असतो आणि टोकांकडे जरा उचललेला असतो. त्यामुळे स्टिक सोडली की ते बरंचसं स्वतःच सरळ होतं. सव्वा मीटरच्या आसपास पंखविस्तार, ईपीओ फोम (लवचीक, चिवट फोम), चार चॅनल (चार स्वतंत्र नियंत्रणं), ब्रशलेस मोटर, ३एस (तीन सेलची) २२०० एमएएचची लिपो बॅटरी, एवढं पुरे. पहिलं विमान लढाऊ जेटसारखं दिसणारं घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

पण सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, चुकला तर चांगलं ट्रेनरही हातात राहत नाही. कंपनीने जागा दिली असेल तर तीच धरा. नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. पंख २०० मिमी रुंद असेल तर ५० ते ६० मिमी. बॅटरी आत ठेवून तिथे दोन बोटांवर तोला, नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट जड झाली तर विमान जरा ओढताच स्टॉल होतं आणि सावरता येत नाही. नाक जड असेल तर आळशी उडतं, पण घरी परत येतं. वजन लावण्याआधी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहा.

यानंतरची तपासणी प्रॉप (पुढचा पंखा) काढूनच करायची. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक पोटाकडे घेतली की एलेव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पात्याची) मागची कड वर. मग ट्रान्समीटर (रिमोट) बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे, नाहीतर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) बसवलेला नाही.

फेकताना मदतनीस हवाच. तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण, फेक सरळ आडवी. आकाशाकडे फेकलेलं विमान वेगाआधीच थांबतं. प्रॉपच्या ओढीने ते डावीकडे कलेल, थोडं उजवं एलेरॉन तयार ठेवा. वर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर आणून ट्रिम (स्टिकशेजारच्या छोट्या बटणांनी बारीक सुधारणा) करा, म्हणजे बोटं उचलली तरी सरळ जाईल.

विमान तुमच्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं चक्रावतं. तेव्हा एकच करा : जो पंख खाली झुकलाय, त्याच्याखाली स्टिकचा टेकू लावा. खाली झुकलेला पंख तुम्हाला डाव्या हाताला दिसला, तर स्टिक डावीकडे. हे मैदानावर शिकण्यापेक्षा सिम्युलेटरवर आठ-दहा तास घासा, ते फार स्वस्त पडतं.

वेळेचं म्हणाल तर उजाडल्यापासून तासभर. बाभळीची पानं हलली तर ठीक, फांद्या हलल्या तर तर्री-पोहे खाऊन घरी जा. मे महिन्यात ४२ अंशांना आपल्याकडची हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरची, १५ अंशांची) सुमारे १२ टक्के विरळ असते, म्हणजे तेच विमान जास्त वेगावर स्टॉल होतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत ते उचलून आपटतात. काळ्या मातीच्या भेगांत छोटी चाकं अडकतात. चाकं काढून वाळल्या गवतावर पोटावर उतरवणं बरं. संक्रांतीच्या आसपास मांज्यामुळे शहराजवळ उडवूच नये.

जागा निवडताना सोनेगावचं विमानतळ लक्षात ठेवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच हिरवा (विनापरवानगी उडवण्याचा) झोन आहे, ८ किमीच्या आत परवानगीशिवाय नाही. म्हणजे अंबाझरी, फुटाळा बाद. निघण्याआधी सरकारी हवाई नकाशा बघा आणि शेतमालकाला विचारा. दोन किलोच्या आतल्या हौशी विमानाला पायलट परवाना लागत नाही.

लिपो २.२ अँपिअरने, डोळ्यांसमोर चार्ज करा. उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका. पहिला टायमर पाच मिनिटांचा लावा आणि चार्जरने परत किती भरलं ते बघा. ११०० एमएएच भरलं तर मिनिटाला २२० खर्च. ८० टक्के म्हणजे १७६० पर्यंत जायचं, तर आठ मिनिटं झाली. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

उतरताना थ्रॉटल उंची ठरवतो आणि एलेव्हेटर वेग, उलटं धरू नका. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल हळूहळू कमी, गुडघ्याएवढ्या उंचीवर किंचित ओढ. त्याआधी नाही. एवढं करूनही नाक चेपलंच तर उकळतं पाणी ओता, ईपीओ बराचसा फुगून येतो. चीर फेव्हिक्विकसारख्या गोंदाने जोडा, पण साध्या थर्माकोलला तो लावू नका, विरघळतो. सीजी मात्र पुन्हा तोला, गोंदाचंही वजन असतं.