पडद्यावरचा बल्ब आणि टेबलावरचा बल्ब

पंचेचाळिशी ओलांडल्यावर बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतली विद्युत देखभालीची नोकरी सोडून शिक्षक होण्याचे मी ठरवले, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न पगाराचा होता आणि तो रास्तच होता. अभियांत्रिकीच्या पदवीवर 55 टक्के गुण असल्यास बी.एड.ला प्रवेश मिळू शकतो, 2015 पासून हा अभ्यासक्रम 2 वर्षांचा झाला आहे आणि त्यातले 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, हे त्यांना समजावता समजावता माझीच उजळणी झाली.

शाळेत रुजू झालो तेव्हा 'सर कारखान्यातून आले आहेत' एवढ्या भांडवलावर इंटरॅक्टिव्ह पॅनेलची, म्हणजे वर्गातल्या स्पर्शाने चालणाऱ्या मोठ्या डिजिटल पडद्याची, जबाबदारी माझ्याकडे आली. कारखान्यात नवे यंत्र आले की त्याच्यासोबत शिकवणारा माणूसही येतो; शाळेत पॅनेल येते ते फक्त खोक्यासह. अर्थात, यंत्र चालवण्याची अडचण मला नव्हती. ते कोणत्या क्षणी चालवायचे, हे मात्र वर्गातच शिकावे लागले.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचे साहित्य उघडते आणि त्यातले काही व्हिडिओ चांगलेही आहेत. पण व्हिडिओ पाहताना कोणाला अंदाज बांधावा लागत नाही, त्यामुळे तो चुकतही नाही, म्हणून मी ते बेतानेच वापरतो. माझा भर फेट (PhET) सिम्युलेशनवर, म्हणजे पडद्यावर हाताळता येणाऱ्या आभासी प्रयोगांवर असतो. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि आधी उतरवून ठेवली की इंटरनेट नसतानाही चालतात.

नववीला धाराविद्युत शिकवताना मी पॅनेलवर 9 व्होल्टची बॅटरी आणि 10 ओहमचा बल्ब जोडतो. विद्युतधारा मोजणारा ॲमीटर 0.9 ॲम्पिअर दाखवतो, 9 भागिले 10 हे ओहमच्या नियमाचे गणित जुळते आणि वर्ग खूश होतो. मग टेबलावर चार सेल, टॉर्चचा बल्ब आणि मल्टिमीटर मांडतो. बल्ब जोडण्याआधीच त्याचा रोध (विद्युतधारेला होणारा विरोध) मोजून, विद्युतधारा किती येईल ते मुलांना वहीत लिहायला लावतो. प्रत्यक्षात ती त्यांच्या उत्तराच्या जवळपासही जात नाही, फारच कमी येते. शिवाय बल्ब पेटताच सेलचे विभवांतरही (व्होल्टेज) थोडे उतरते. "सर, मीटर खोटं बोलून राहिलं का?" असे मागच्या बाकावरून एकाने विचारले, आणि माझ्या मते खरा तास तिथून सुरू झाला.

मीटर खोटे बोलत नव्हते. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा रोध थंड तारेपेक्षा कितीतरी जास्त असतो. ओहमच्या नियमातली 'भौतिक अवस्था कायम असताना' ही अट मुले परीक्षेसाठी घोकतात. ती तिथे कशासाठी आहे, हे त्यांना या बल्बपाशी दिसते. विभवांतर उतरण्याचे कारण सेलचा अंतर्गत रोध. तो डोळ्यांना दिसत नाही आणि टेबलावर वेगळा काढूनही दाखवता येत नाही, पण सिम्युलेशनमध्ये त्याची सरकपट्टी आहे. ती सरकवली की पडद्यावरचा बल्बही मंदावतो. म्हणून माझ्या तासाला पॅनेल पुन्हा सुरू होते ते टेबलावरचे कोडे पडल्यानंतर. आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तर आधी कारण शोधायचे, ही देखभाल विभागाची सवय इथे उपयोगी पडते, पगार अर्ध्यावर आला असला तरी.

तंत्रज्ञान नव्या पिढीलाच जमते, हा समज आमच्या गणिताच्या मॅडमनी मोडीत काढला आहे. निवृत्तीला आलेल्या मॅडमनी माझ्याकडून जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या ॲपमधली एकच गोष्ट शिकून घेतली: त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू, कसे सरकते. काटकोन होताच ते कर्णाच्या मध्यावर येते आणि विशालकोन झाला की त्रिकोणाबाहेर जाते. ओढण्याआधी त्या प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावतात आणि तो लिहून झाल्याशिवाय पॅनेलला हात लावत नाहीत. "सर, तुमचे सेल टेबलावरही चालतात, माझा त्रिकोण फळ्यावर हलत नाही," असे सांगून त्यांनी माझा पॅनेलवरचा गुरुवारचा तासही मागून घेतला आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.