व्हेनिस: मिरवणुकीच्या चित्रांमागे, १८० युरो गमावून

आधी पैशांचं सांगतो, अजून डोकं तापलेलं आहे. रिआल्तो पुलाजवळच्या एका दुकानात ‘अस्सल ब्रुस्तोलोन’ (अठराव्या शतकातला व्हेनिसचा खोदचित्रकार) म्हणून १८० युरोंना छापील चित्र घेतलं. डोजे, म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख, २१ नोव्हेंबरला लवाजम्यासह सलूते चर्चला जायचा, तो सोहळा. चित्रकार कानालेत्तोच्या रेखाटनांवरून ब्रुस्तोलोनने १७६६ च्या सुमारास डोजेच्या सोहळ्यांचे असे १२ ताम्रपट, म्हणजे छपाईसाठी कोरलेले तांब्याचे पत्रे, केले. हॉटेलवर येऊन भिंग लावलं, तर रेघांच्या जागी ठिपके! सरळ ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची आजची छपाई, कागद तेवढा चहाच्या रंगाचा.

तर भिंग घरूनच न्या. ताम्रपटावरच्या छापाभोवती दाबाची चौकट उमटते, बोटाला कळते. पण नकली चौकटही दाबतात, म्हणून रेघच बघा: अखंड हवी, शाई किंचित वर आलेली. जुना हातकागद उजेडासमोर धरला की कागद गाळायच्या जाळीच्या समांतर रेघा दिसतात. दुकानदार फ्रेममधून काढू देत नसेल तर तिथून निघा. झिजलेल्या ताम्रपटावरून नंतर काढलेले छापही विकतात. तेही खरे, पण सावल्या फिक्या. पहिल्या छापाचा भाव देऊ नका.

दुसरी फसगत माझ्या हाताने. मात्तेओ पागानने सोळाव्या शतकात आठ लाकडी ठशांवर छापलेली पाम संडेची (ईस्टरआधीच्या रविवारची) डोजेची मिरवणूक बघायला कोर्रेर संग्रहालयात गेलो. उजेडाने कागद खराब होतो, अशी चित्रं कायम टांगत नाहीत, एवढं साधं सुचलं नाही. तुम्ही आधी मेल करून विचारा. मी शेवटी फोनवर मोठं करून पाहिलं: निशाणं, लांबलचक तुताऱ्या, डोजेची खुर्ची, उशी, छत्र, वर खिडक्यांत बायका. कोण कुठे चालतो ते नावानिशी छापलंय. वारीत दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, तसाच इथेही मान रांगेतल्या जागेवरून.

तिकीट वसूल झालं ते तिथेच, चित्रकार दे बार्बारीच्या १५०० सालच्या व्हेनिसच्या नकाशाच्या सहा लाकडी ठशांपुढे. अख्खं शहर उलटं कोरलेलं! तासभर हललो नाही. डोजेच्या राजवाड्याचं तिकीट इथेही चालतं, वेगळं काढू नका.

मुरानो, बुरानो ही बेटं झाली. छान आहेत.

बॅग लहान ठेवा, बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. वापोरेत्तोचं (पाण्यावरच्या बसचं) ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, त्यामुळे चालाच.

१७९७ साली डोजेपद संपलं, पण १६३० च्या प्लेगमधल्या नवसाची २१ नोव्हेंबर लोक अजून पाळतात. त्या दिवसांत सलूतेकडे जायला ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात. सकाळी लवकर जा, दुपारी मुंगीलाही वाट नाही. मी तिथे उभं राहून ते नकली चित्र उलगडलं आणि चर्चसमोर धरलं. घुमट तोच, पायऱ्या त्याच. मग पाऊस आला आणि चहाचा रंग माझ्या बाहीवर उतरला.