होस्टनेम-शोधक, तिसरा आठवडा: सगळ्यांचा पत्ता एकच!

लॅमिंग्टन रोडवरून उचलून आणलेला जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आता मुलुंडच्या घरी कपाटावर चोवीस तास चालू असतो. काम साधं आहे. नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांच्या नावांची (होस्टनेम) यादी दिली की त्यांचे आयपी पत्ते छापायचे, पत्ते दिले की नावं. सी भाषेतच लिहायचं हा माझा हट्ट. पायथनमध्ये हेच चार ओळींत होतं, ठाऊक आहे, सांगू नका.

पहिली आवृत्ती जुन्या गेटहोस्टबायनेमवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनवर, बेतली होती. दोन नावं शोधली, मिळालेले दोन्ही पॉइंटर (उत्तर मेमरीत कुठे आहे ते दाखवणारे) अ‍ॅरेत ठेवले आणि शेवटी छापले, तर दोन्ही नावांपुढे एकच पत्ता! अर्धी रात्र राउटरला शिव्या घातल्या, केबलही बदलून पाहिली. चूक माझीच होती. हे फंक्शन उत्तराची प्रत तुमच्या हातात देत नाही, स्वतःच्या स्टॅटिक, म्हणजे दरवेळी तीच वापरायच्या, जागेकडे बोट दाखवतं. सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यासारखं. सेक्रेटरींनी नवी सूचना लिहिली की कालची गेली. तुम्ही फळ्याचा पत्ता जपून ठेवलात, मजकूर नाही. ताबडतोब कॉपी करून घेतलं की भागतं, पण थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आले की तेही भरवशाचं नाही.

१९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतलं हे फंक्शन. तेव्हा थ्रेडची काळजी कुणाला होती? आयपीव्ही६, म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत, तर पुढच्या दशकातलं. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने २००१ मध्ये त्याला कालबाह्य ठरवलं आणि २००८ मध्ये काढूनच टाकलं. २०१५ मध्ये जीलिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) ‘घोस्ट’ नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं, तेही याच कुटुंबात. तरी जुन्या पुस्तकांच्या जोरावर आपण ते वापरतच राहतो.

मग त्याच्या जागी आलेल्या गेटअ‍ॅड्रइन्फोकडे वळलो. सीएसएमटीहून मुलुंडपर्यंत चौथ्या सीटवर अर्धा टेकून मोबाईलवर त्याचं मॅन पेज (माहितीपान) वाचलं. हे फंक्शन लिंक्ड लिस्ट (एकीला एक जोडलेल्या नोंदींची साखळी) देतं, तीही दरवेळी नवी, म्हणून फळ्याची भानगड नाही. फक्त वापर झाला की फ्रीअ‍ॅड्रइन्फो म्हणून ती मेमरी परत करायची. पाय दिवसरात्र चालतो, तेव्हा विसरलो असतो तर मेमरी हळूहळू गळत राहिली असती.

पहिल्याच रनमध्ये प्रत्येक पत्ता तीन-तीनदा आला. हिंट्समध्ये (काय हवं ते सांगायच्या रकान्यांत) सॉकेटचा, म्हणजे जोडणीचा, प्रकार न सांगितल्याने स्ट्रीम, डेटाग्राम आणि रॉ अशा तिन्हींसाठी वेगवेगळ्या नोंदी मिळत होत्या. एआय_सॉकटाइपमध्ये सॉक_स्ट्रीम भरलं आणि गर्दी ओसरली. चूक झाल्यावर पीएरर वापरण्याची खोडही मोडावी लागली; ते एररनो या खुणेत नोंदलेली चूक छापतं. नाव सापडलं नाही आणि पडद्यावर ‘सक्सेस’! या फंक्शनचे कोड एररनोमध्ये नसतात, परत आलेला आकडा जीएआय_स्ट्रएररला द्यायचा, ते चुकीचा अर्थ शब्दांत सांगतं. कोड ईएआय_सिस्टम (चूक सिस्टमची) असेल तेव्हाच एररनो बघायचा.

उलटा शोध मात्र अजून छळतोय. पत्त्यावरून नाव काढायला गेटनेमइन्फो आहे, पण डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, पीटीआर ही उलटी नोंद वेगळी ठेवावी लागते आणि ती पत्त्याच्या मालकाने ठेवली तरच सापडते. नोंद नसेल तर हे फंक्शन पत्ताच मजकूर म्हणून परत देतं आणि वर शून्यही, म्हणजे सगळं ठीक. एनआय_नेमरेक्ड (‘नाव हवंच’ अशी खूण) लावल्यावरच ते खरं बोललं.

घरच्या १९२.१६८ वाल्या पत्त्यांची नावं विचारली तर राउटर उत्तरच देत नव्हता. रिझॉल्व्हरची (डीएनएसला विचारणाऱ्या भागाची) मूळ ठेवण ५ सेकंद वाट पाहायची आणि २ प्रयत्न करायचे अशी. म्हणजे एका पत्त्यामागे १० सेकंद, आणि १२ उपकरणांसाठी पुरी २ मिनिटं. तेवढ्यात जलद लोकल एखादं स्टेशन मागे टाकते. शेवटी ती १२ नावं इटीसी-होस्ट्स या पायवरच्याच नाव-पत्त्यांच्या फाइलमध्ये हाताने लिहिली. आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या एनएसस्विचमध्ये फाइल्स डीएनएसच्या आधी आहेत, त्यामुळे उत्तर चुटकीसरशी येतं. गंमत म्हणजे नावं तपासायची डिग ही कमांड इटीसी-होस्ट्स बघतच नाही, थेट डीएनएसला विचारते, म्हणून तिच्याने तपासत बसलो असतो तर अजून एक रात्र गेली असती. एनएसस्विचच्या क्रमाने शोधणाऱ्या गेटएंटने पाहिलं तेव्हा पटलं.

बाहेरच्या पत्त्यांसाठी प्रत्येक शोध वेगळ्या थ्रेडमध्ये टाकायचा विचार आहे. पाय चार कोरचा आहे, पण रॅम १ जीबीच. थ्रेड किती ठेवायचे ते रविवारी मोजून बघतो.