सप्तशृंगी गड, सात माणसं आणि टायरवरचा ८४

मागच्या रविवारी गडावर जाऊन आलो. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी असा साधारण ६० किमीचा रस्ता, तिथून पुढे घाट. आई-बाबा, काका-काकू, आम्ही दोघं आणि पोरगी, म्हणजे सात सीटर गाडी फुल्ल.

सकाळी सातला दिंडोरी नाक्यावर हवा चेक करायला थांबलो तर पोऱ्या म्हणतो, "साहेब, मागचे दोन टायर वेगळेत की." वाकून बघितलं, पुढे १८५/६५ आर१५ ८८एच आणि मागे १७५/६५ आर१५ ८४टी! मागच्या वर्षी एका दुकानात बदलले तेव्हा "साहेब सेमच आहे" म्हणून बसवले होते, आणि मीपण बघितलं नाही, चूक माझीच.

आता हे आकडे काय ते सांगतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम १५ इंचाची. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण शेवटचा ८८ आहे ना, तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ८४ म्हणजे ५०० किलो. अक्षर जास्तीत जास्त स्पीडचं, टी म्हणजे ताशी १९० किमी, एच २१०, पण आपल्या रस्त्यांवर त्याचं काय एवढं नाही, आकडा बघा.

मग तिथंच मोबाइलवर गणित मांडलं. मॅन्युअलमध्ये गाडीचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माणसं-सामानासकट जास्तीत जास्त वजन, १७८५ किलो. आरसीवर रिकामं वजन ११५० च्या आसपास. राहिले ६३५, त्यात ड्रायव्हरही आला हं. सात जणांचे ४७० धरले, बॅगा, पाण्याचा जार वगैरे ५०, म्हणजे ५२०, एकूण वजन बसलं. चार टायर मिळून २००० च्या वर पेलतात म्हणून निवांत राहू नका, कारण सगळी सीटं भरली की वजन मागच्या दोन चाकांवरच जास्त येतं आणि माझे तेच दोन कमजोर. हवा कमी असेल तर तेवढंही पेलत नाहीत.

रविवारी सकाळी नवीन टायर मिळणार कुठं! दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडला मागच्या टायरांना ३६ पीएसआय हवा लिहिलीय तेवढी भरली आणि हळू गेलो. टायरवर मॅक्स म्हणून लिहिलेली हवा भरायची नसते, स्टिकरवरची भरायची, तीही थंड टायरात. वर पार्किंगमध्ये मोजली तर ३९ दाखवत होतं, काका म्हणाले सोडून दे थोडी, नाही सोडली. गरम टायरात वाढतेच, सोडली तर थंड झाल्यावर कमी पडते.

दर्शन मस्त झालं, आई-बाबांना पायऱ्या नकोत म्हणून ट्रॉलीने गेलो. चैत्रात किंवा नवरात्रात जाणार असाल तर यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीने जावं लागतं.

खरी परीक्षा परतताना वणीत. मामांकडे उन्हाळ कांदा निघालेला, ५० किलोच्या दोन गोण्या तयार! एक डिकीत उभी केली, तेवढ्यानंच मागचे टायर खाली फुगलेले दिसायला लागले. दुसरी कॅरियरवर बांधू म्हणाले, मी नाही म्हटलं तर मामा जरा रागावलेच.

सोमवारी मागचे दोन्ही ८८ चे टाकले, या वेळी टायर बनल्याची तारीखही बघितली (टायरच्या बाजूवरच्या डीओटी नंबरातले शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष). दुसरी गोण अजून मामांच्या ओट्यावर आहे, आता एकटा जाऊन आणणार.