सर गवेनची छंदमोजणी : पहिले कडवे पूर्ण, दुसरे हातात

ही नोंद 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या मध्ययुगीन इंग्रजी काव्याच्या पहिल्या कडव्यातल्या १४ लांब ओळींची आहे. दुसऱ्या कडव्यातल्या दोन-तीन ओळीही सोबत घेतल्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय पहिल्याचा निकाल लागत नाही.

आधी कामाचा आवाका. काव्याच्या ओळी २५३०, कडवी १०१. प्रत्येक कडव्यात आधी अनुप्रासाच्या लांब ओळी येतात. त्या किती, हे ठरलेले नाही. मग एकाच आघाताची (जोर देऊन म्हणायच्या अक्षराची) इवलीशी 'बॉब' ओळ, आणि तिच्यामागे 'व्हील'च्या चार आखूड ओळी. या पाच ओळींना यमक असते. १०१ कडव्यांच्या ५०५ यमकाच्या ओळी वजा केल्या की लांब ओळी उरतात २०२५. ओळ ४९० पर्यंतच्या पहिल्या भागात २१ कडवी, म्हणजे ३८५ लांब ओळी. सध्या तेवढ्यांचेच लक्ष्य आहे.

तपासायचा आहे फक्त उत्तरार्ध. प्रत्येक लांब ओळीचे दोन भाग पडतात, आणि पूर्वार्धाच्या नियमांवर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. उत्तरार्धाचे चित्र बरेच स्पष्ट आहे. पूर्वी असे शिकवले जाई की ओळीत आघात चार, बाकी हलकी अक्षरे कितीही. हॉइट डगन यांचा १९८६चा लेख आणि थॉमस केबल यांचे १९९१चे पुस्तक यांनी ही समजूत मोडली. त्यांचा नियम असा : उत्तरार्धात आघात दोन. हलक्या अक्षरांना जागा तीन, पहिल्या आघाताआधी, दोन आघातांमध्ये आणि शेवटी. सलग दोन किंवा अधिक हलकी अक्षरे आली की तो 'लांब उतार'. पहिल्या दोन जागांपैकी एका आणि एकाच जागी लांब उतार हवा. शेवटी तो कधीच नको. केबल आणि पुढे ॲड पटर, ज्युडिथ जेफरसन व मायरा स्टोक्स (२००७) आणखी कडक आहेत : त्यांच्या मते शेवटी एक हलके अक्षर हवेच.

या 'हवेच'पाशी सगळी अडचण उभी राहते, आणि मराठी वाचकाला ती फोडून सांगावी लागत नाही. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' हे बोलताना आपण 'गणाधीश्' म्हणतो. श्लोक म्हणताना मात्र तो 'श' पुरता उच्चारतो, नाहीतर भुजंगप्रयाताचा लगागा तिथेच कोलमडतो. मध्ययुगीन इंग्रजीतला शब्दाच्या शेवटचा ए (e हे अक्षर) अगदी असाच, आपल्या शेवटच्या 'अ'सारखा ओझरता. फरक एवढाच की आपल्याकडे अक्षर लिहिलेले असते आणि ते म्हणायचे की नाही हे वाचणारा ठरवतो. गवेनच्या लेखनिकाने मात्र ए कधी लिहिला, कधी गाळला, आणि त्याचा उच्चाराशी मेळ बसेलच असे नाही. ओळ १ मध्ये 'असॉट' (हल्ला) या शब्दाच्या शेवटी ए नाही. काव्याच्या शेवटाकडे, ओळ २५२५ मध्ये, तीच ओळ जवळजवळ शब्दशः परत येते आणि तिथे त्याच शब्दाला ए जोडलेला आहे. त्यामुळे लिहिलेल्या ए वर भिस्त ठेवून मोजणी करता येत नाही.

साहित्य. मूळ पोथी एकच, कॉटन नीरो ए. दहा, ब्रिटिश लायब्ररीत. पान जेमतेम १७ बाय १२ सेंटिमीटर. छायाचित्रांसाठी कॅल्गरी विद्यापीठाचा प्रकल्प. छापील मजकुरासाठी टोल्किन आणि गॉर्डन यांची आवृत्ती, नॉर्मन डेव्हिस यांनी १९६७ मध्ये सुधारलेली; पडताळ्याला पटर-स्टोक्स यांची २०१४ची. शब्दांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजी कोश आणि जुन्या इंग्रजीसाठी (मध्ययुगीनच्या आधीच्या भाषेसाठी) बॉसवर्थ-टोलर कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट. आणि एक एक्सेल शीट.

शीटमध्ये सहा रकाने : ओळ क्रमांक, पोथीतले रूप, आघाताचे शब्द, ए चे कारण, तीन जागांची अक्षरसंख्या, निकाल. यांचा क्रम बदलू नका. 'ए चे कारण' हा रकाना मोजणीच्या आधी भरायचा. आधी मोजले की नियम बसवण्यासाठी हवा तिथे ए चिकटवायचा मोह होतो, आणि मग नियमाने नियमच सिद्ध केल्यासारखे होते. या छंदात सर्वांत जास्त काम याच चुकीने वाया जाते.

ए ला मान्य कारणे आम्ही एवढीच धरली : 'द', 'हा', 'त्याचा' अशा शब्दांनंतर येणारे विशेषण, अनेकवचनी विशेषण, क्रियापदाचे मूळ रूप, दुर्बल क्रियापदाचा (ट-ड जोडून होणारा) भूतकाळ, सबल क्रियापदाच्या (आतला स्वर बदलून होणाऱ्या) भूतकाळाचे अनेकवचन, ए वर संपणारे क्रियाविशेषण, आणि जुन्या इंग्रजीतच शेवटी स्वर असलेले नाम, विशेषण किंवा क्रियापदाचे रूप. कोशात यांपैकी एकही कारण सापडले नाही तर ए नाही, मग ओळ मोडली तरी चालेल.

पहिला आघात शोधायला अनुप्रास मदत करतो. नेहमीच्या घडणीत पूर्वार्धातले दोन आघात आणि उत्तरार्धातला पहिला एकाच ध्वनीने सुरू होतात, चौथा मोकळा.

आता ओळी. खाली हलन्त नसलेले व्यंजन पूर्ण 'अ'सह म्हणायचे. ठ म्हणजे आघात, टिंब म्हणजे हलके अक्षर.

ओळ १ : वॉट्स् से-सेड् ॲट् ट्रॉ-य. · ठ · · ठ ·. नमुना म्हणून पाठ करून ठेवावी अशी. ओळी २, ४ आणि ११ याच चालीच्या.

ओळ ३ : ऑव् ट्रे-सून् थेर् व्रॉख्ट्. पोथीत शेवटी ए नाही. पण हे दुर्बल भूतकाळाचे रूप आहे, जुन्या इंग्रजीत 'वोर्हटे'. म्हणून 'व्रॉख्-ट' वाचायचे, आणि चाल पुन्हा · ठ · · ठ ·.

ओळ १० : ॲस् हिट् नू हट्. अर्थ 'जसे तिला आज म्हणतात', रोमच्या नावाबद्दल. जुने रूप 'हाट्टे', दोन टींचे, शेवटी स्वर. म्हणून 'हट्-ट', आणि चाल · · ठ ठ ·. दोन आघात अंगाला अंग लावून उभे राहतात, तरी ओळ कायदेशीर, कारण लांब उतार आधीच येऊन गेलेला असतो. ओळ ७ (इन् थ वेस्ट् ई-लेस्) अशीच. ही चाल मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्या आघातावर आवाज जो थबकतो तो डोळ्यांनी वाचून कळत नाही.

ओळ ८ (रि-चिस् हिम् स्वी-थ), १२ आणि १४ : ठ · · ठ ·. सुरुवातच आघाताने.

ओळ ६ : ॲण्ड् पा-ट्रू-नेस् बि-को-म. मधला उतार तीन अक्षरांचा. आघात 'ट्रू'वर गेला तर दोन लांब उतार होतात आणि ओळ नापास होते. अनुप्रास प वर आहे, म्हणून आघात 'पा'वरच.

ओळ ५ : ॲण्ड् हिस् ही-ख कीन्-ड. इथे जपा. 'त्याचा'नंतरचे विशेषण, म्हणून 'ही-ख' दोन अक्षरी धरले की · · ठ · ठ ·. छान बसते. पण ए गाळला तरी · · ठ ठ · होते, आणि तीही चाल कायदेशीर आहे. म्हणजे ही ओळ विशेषणाच्या ए चा पुरावा होऊ शकत नाही. निकालाच्या रकान्यात 'उदासीन' असा वेगळा शेरा ठेवा आणि अशा ओळी पुराव्यात मोजू नका.

खरा पुरावा दुसऱ्या कडव्यात मिळाला. ओळ २२ : टे-न थट् व्रॉख्-टेन्. 'टेन' म्हणजे क्लेश, जुने रूप 'टेओना', शेवटी स्वर पक्का. ए उच्चारला तर ठ · · ठ ·. गाळला तर ठ · ठ ·, लांब उतार कुठेच नाही, ओळ बाद. इथे ए वाचून गत्यंतर नाही, आणि कारण कोशातून आलेले आहे, छंदातून नाही. शिवाय ओळ ३ मधलेच क्रियापद इथे अनेकवचनात आहे आणि लेखनिकाने त्याचे शेपूट पूर्ण लिहिले आहे.

जोडीला ओळ २० : बि थिस् बर्न् रिच्. 'रिच्' हा शब्द ओळ ८ च्या पूर्वार्धात ए सह लिहिलेला आहे, इथे नाही. जुन्या इंग्रजीत तो मुळातच ए वर संपतो, म्हणून 'रि-च', आणि चाल · · ठ ठ ·.

पहिल्या कडव्याचा हिशेब : आधी एक हलके अक्षर व मध्ये लांब उतार, अशा ७ ओळी. आधीच लांब उतार, ३. आघाताने सुरू, ३. अपवाद १.

अपवाद ओळ १३ चा. फे-लिक्स् ब्रू-टस्, ठ · ठ ·. परकी विशेषनामे, त्यांना कुठलाही ए लागत नाही, लांब उतार नाही. दुरुस्ती सुचवायचा मोह आवरा. नाव हे नाव आहे. वेगळा रंग द्या आणि पुढे चला. ३८५ ओळी झाल्यावर सगळे अपवाद एकत्र पाहू.

सातांतली एक ओळ खुली आहे : ९, हि बि-गेस् अ-पॉन् फर्स्ट्. डगन यांच्या नियमाप्रमाणे ती आहे तशी पास, आघातावर संपलेली चालते. केबल यांच्या बाजूने पाहिले तर शब्दयोगी अव्ययानंतरच्या जुन्या विभक्तीचा ए आणावा लागतो. ते कारण आमच्या यादीत नाही, आणि एका ओळीसाठी यादी वाढवणार नाही.

छंदाबाहेरचा पुरावा हवा असेल तर यमकाकडे जा. ओळ २३५३ ते २३५७ च्या बॉब-व्हीलमध्ये 'स्का-थ' (इजा), 'वा-थ' (धोका) आणि 'टा थ' यांचे यमक आहे. शेवटचे दोन स्वतंत्र शब्द आहेत, 'तू घे'. 'थ' हे सर्वनाम असल्याने त्याचा स्वर गिळता येत नाही. मग त्याच्याशी जुळणाऱ्या दोन शब्दांचाही शेवट उच्चारावाच लागतो. कवीच्या कानाला ए ऐकू येत होता हे याहून उघडपणे कुठे दिसत असेल असे वाटत नाही. यमकातला ए ओळीच्या आतल्या ए ची हमी देत नाही, ही केबल-विरोधकांची हरकत मात्र रास्त आहे. ओळ २२ सारख्या ओळी म्हणूनच मोलाच्या.

वारंवार होणाऱ्या आणखी दोन चुका. स्वराने किंवा दुबळ्या ह ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ए विरतो; तिथे अक्षर मोजू नका. आणि संपादकांच्या दुरुस्त्या मजकुरात मिसळलेल्या असतात, म्हणून तळटीप पाहिल्याशिवाय पोथीचा रकाना भरू नका. पटर आणि स्टोक्स छंदाच्या आधारेही दुरुस्ती करतात, त्यामुळे त्यांचा मजकूर पडताळ्याला उत्तम, पण मोजणीचा पाया म्हणून वापरला तर उत्तर आधीच प्रश्नात शिरते.

दुसऱ्या कडव्यात लांब ओळी १२, २० ते ३१. त्यांपैकी २० आणि २२ झाल्या. ३१ (ॲस् ई इन् टून् हेर्-ड) वरवर पाहता · · · ठ ठ · आहे, 'हेर्-ड'चे कारण दुर्बल भूतकाळ. उरलेल्या नऊ ओळींचे 'ए चे कारण' रकाने आधी भरून घ्यायचे आहेत; २४ मधले 'इल्क्' बहुधा पुन्हा उदासीन निघेल.